पहिल्या खेपेचा माणूस

२२ जून. सकाळपासून एका जुन्या मोटारीचा अल्टरनेटर खालून वर घेते आहे. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी, मालक माझ्या निम्म्या वयाचा. त्याने ती हौसेने घेतली, रंगवली, सीटा नव्याने शिवल्या, आणि एका नाल्यातून काढताना अल्टरनेटरमध्ये पाणी शिरलं तेव्हा इथे माझ्या गॅरेजात ओढून आणली. अशा इंजिनांना बॅटरी भरायला मुळात डायनामो असायचा. तो गेला की लोक त्याच जागी अल्टरनेटर टांगून मोकळे होतात, आणि ती जागा वाईट असते: खाली, सायलेन्सरच्या नळीला लागून. वरून आच, खालून चिखल. तो तिथून काढून इंजिनच्या दुसऱ्या अंगाला, वर बसवावा लागतो. काम अवघड नाही. एक ब्रॅकेट, वेगळ्या मापाचा पट्टा, बॅटरीपर्यंत लांब वायर, आणि सगळ्या पुल्या एका रेषेत. कारागीर जेवायला गेल्यावर मी एकटीनेच पुल्यांवर सुतळी ताणून पाहिली, रेष बरोबर आली, आणि तरीही तीनदा पाहिली. हे काम मी आजवर किती गाड्यांवर केलं ते आठवत नाही. पहिल्यांदा केलं ते मात्र चांगलं आठवतं. माझ्याविषयी लोक कौतुकाने जे सांगतात, मेकॅनिकची पोरगी, बापाच्या हाताखाली शिकली, त्यात ते नसतं, कारण मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

चामोर्शीला आमचं घर आणि बाबांचं दुकान एकाच छपराखाली होतं. पुढे पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्या, मध्ये एक दार. त्या दारातून इकडचा वास तिकडे आणि तिकडचा इकडे जायचा. आमच्या भाताला थोडा डिझेलचा वास असायचा आणि गिऱ्हाइकांना फोडणीने भूक लागायची. मायने आयुष्यात पान्याला हात लावला नाही, पण चुलीपुढे बसून लाखोळीचं वरण घोटता घोटता ती आतून ओरडायची, "ते तिसरं सिलिंडर मारून नाई राह्यलं वो." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. बाबा हसायचे आणि तिसरा प्लग काढायचे. मार्कंड्याच्या जत्रेचे पंधरा दिवस म्हणजे आमची सुगी. आम्ही देवळात जाणारे नव्हतो, रविवारी विहारात वंदनेला जायचो, पण जत्रेला येणाऱ्या मोटारी कोणाच्या देवाला आल्या हे बाबा विचारत नसत. पावसाळ्यात काम कमी आणि खाणं चांगलं. जंगलातून वास्ते यायचे, बांबूचे कोवळे कोंब. माय ते पाण्यात ठेवून त्यांचा कडवटपणा काढायची आणि वैनगंगेच्या झिंग्यांबरोबर शिजवायची. मला आजही त्याच्यापुढे हॉटेलातलं काही गोड लागत नाही.

मला भाऊ नव्हता, म्हणून मी शेडमध्ये गेले असं लोक म्हणतात. भाऊ असता तरी गेले असते. बारा वर्षांची असताना मी पाने ओळखत होते, सोळाव्या वर्षी व्हॉल्व्ह घासत होते. बाबा शिकवायचे मनापासून, पण एक ठरलेलं होतं. बाहेर गिऱ्हाइकाच्या चपला वाजल्या की मी हातातलं ठेवून त्या मधल्या दारातून आत जायचं. घासलेटच्या फडक्याला हात पुसायचे आणि तांदूळ निवडायला बसायचं. पोट्टीच्या हातची गाडी कोण घेईल, असं बाबा म्हणत नसत. म्हणायची गरज नव्हती.

दुकानाचा एक नियम मात्र ते मोठ्याने सांगत. ज्याने काम केलं त्याने पहिल्या खेपेला गाडीत बसायचं. ब्रेक केले असोत की क्लच, गाडी दुकानातून सुटून जिथे जाणार असेल तिथवर करणारा माणूस बरोबर जाणार. आमच्या भागात रस्ते जंगलातून जातात, आणि गाडी बंद पडली तर मदत चालत येते. गिऱ्हाइकाला त्या नियमाने धीर यायचा. बाबा म्हणायचे, "आपल्या हातच्या कामावर आपन नाई बसाचं, तं दुसऱ्यानं काऊन बसाचं?" मी केलेल्या कामावर बाबा स्वतः बसून जायचे, म्हणजे नियमही पाळला जायचा आणि माझं नावही निघायचं नाही.

लालसूभाऊ आमच्या दुकानचा नव्हता, आणि होताही. घोट गावाच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावाचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचं काम, नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी. गुरुवारी बाजाराच्या दिवशी तो काळ्या-पिवळ्या जीपच्या स्टँडजवळ आपली छोटी भट्टी मांडायचा. पत्र्याच्या डब्यात कोळसा, हाताने फिरवायचा पंखा आणि रुळाच्या तुकड्याची ऐरण. फाळ कमी झाले तसे ड्रायव्हर लोक त्याच्याकडे हुक, कड्या, गाडीखालच्या स्प्रिंग-कमानीच्या पाट्या घेऊन यायला लागले. तो बोलायला कमी. घरी गोंडी, आमच्याशी आमची भाषा, आणि दोन्हीत सारखाच मोजका. बाबांना ‘जय भीम’ म्हणायचा, बाबा त्याला ‘जोहार’ म्हणायचे, आणि मग दोघे अर्धा तास एका लोखंडाच्या तुकड्याकडे बघत बसायचे.

गावात एक डॉक्टर होते. त्यांची वडिलांच्या वेळची काळी मोटार होती, गोल पाठीची. ती घेऊन ते दर आठवड्याला घोटच्या पलीकडच्या चार गावांत औषधं घेऊन जायचे. त्या गावांना दुसरा डॉक्टर नव्हता. त्या मोटारीचा अल्टरनेटर खाली टांगलेला, दोन पावसाळ्यांत तीनदा जळलेला. डॉक्टर म्हणाले, पाऊस लागायच्या आत याचं काहीतरी कायमचं करा. बाबांनी जागा ठरवली, पुठ्ठ्यावर ब्रॅकेटचं माप काढलं, आणि लालसूभाऊने ट्रकच्या कमानीच्या पाटीतून ते घडवलं. फारच सुरेख घडवलं होतं. देताना त्याने ते माझ्या हातात दिलं, कारण बाबा त्याच सकाळी सामान आणायला चंद्रपूरला निघाले होते, आणि बसच्या खिडकीतून त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की लालसू आला तर ठेवून घे, उद्या आल्यावर बसवतो.

"पाटी कमानीची हाय," लालसूभाऊ म्हणाला. "पूर्ण सरळ होत नाई, कितीबी ठोका. खालच्या बोल्टाले दोन वायसर टाकजो बाई, जाडे. मंग सरळ बसते."

"टाकतो ना भाऊ."

"दोन," तो पुन्हा म्हणाला, आणि गेला.

बाबा येईपर्यंत थांबायचं होतं. मी थांबले नाही. मला ते बाबांच्या आधी करून दाखवायचं होतं. आल्यावर त्यांनी बॉनेट उघडावं आणि आत सगळं तयार असावं. दुपारपर्यंत जुना अल्टरनेटर खाली काढला, वायर ओढली, ब्रॅकेट लावलं. दोन वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, टाकून खालचा बोल्ट फिरवला तर तो आखूड पडला. इंजिनच्या आट्यांत जेमतेम तीन फेरे बसत होते. एवढ्यावर घट्ट केला तर आटे निघून आले असते, आणि इंजिनचे आटे गेले म्हणजे मोठं काम. लांब बोल्ट हवा होता, आणि तसा बोल्ट चामोर्शीत नव्हता. मी एक वायसर काढला. बोल्ट छान बसला. मग पट्टा चढवला आणि शिकवल्याप्रमाणे सुतळी लावली: खालच्या पुलीच्या तोंडाला एक टोक, मधून पाण्याच्या पंपाच्या पुलीवरून, अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत. सुतळी सगळीकडे टेकली पाहिजे. ती दोन ठिकाणी टेकली. तिसऱ्या ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली.

मी ती फट पाहिली. चुकून नजरेआड झाली असं नाही, हे इथे स्पष्ट लिहायचं आहे. मी खाली वाकून, एक डोळा मिटून, नीट पाहिली. आणि मनाशी म्हटलं की पट्टा रबरी असतो, आपली जागा करून घेतो. इंजिन चालू केलं. माय आतून म्हणाली, "हे काय किनकिन वाजून राह्यलं?" मी म्हटलं, नवा पट्टा आहे, वाजेल थोडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला मी दोन दिवस जगत होते. त्यांनी वायर पाहिली, पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला आणि विचारलं, "दोरा लावला होता?"

"लावला."

ते खरं होतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

त्यांनी स्वतः लावून पाहिला असता, पण तेवढ्यात डॉक्टरांच्या चपला वाजल्या. मी दारातून आत गेले. फट ठेवून दारामागे उभी राहिले. गुरुवार होता, लालसूभाऊही बाजारातून ब्रॅकेट कसं बसलं ते बघायला आला होता. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही तर काल माझ्याच बसला होतात चंद्रपूरला. हे बसवलं कोणी?"

बाबा थोडे थांबले. मला अजून ते थांबणं ऐकू येतं. मग म्हणाले, "लालसूनं. ब्रॅकेटबी त्याचंच, फिटिंगबी त्याचंच."

लालसूभाऊने बाबांकडे पाहिलं आणि मान हलवली. नियमाप्रमाणे पहिल्या खेपेला तोच बसला. त्याचं गाव त्याच रस्त्यावर होतं, त्यामुळे बाबांना ते सोयीचंही वाटलं असेल.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. माझं काम, आणि नाव दुसऱ्याचं. मी मायला म्हटलं, बाबांनी माझं नाव का नाही घेतलं. ती माझ्यापुढचं ताट सरकवत म्हणाली, "नावानं का भात शिजते? जेव." मी भिंतीकडे तोंड करून बसले. आता वाटतं, त्या दिवशी मी जेवढी चिडले तेवढी पुढे आयुष्यात कशावरच चिडले नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने मोटार ओढत आणली. घोटच्या पुढे चढावर पट्टा कडेने चिरत चिरत शेवटी निसटला होता. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि पंखा. लालसूभाऊला जळका वास आला, तो म्हणाला थांबा, पण डॉक्टरांना वाटलं पुढचं गाव गाठू. तापमानाचा काटा बंदच होता. इंजिन उकळलं, गॅस्केट जळली, हेड वाकलं. लालसूभाऊ अकरा कोस चालून ट्रॅक्टर घेऊन आला होता.

शेडपुढे स्टँडवरचे सगळे जमले. त्यांच्यात गजू होता, जीपचा ड्रायव्हर, अख्ख्या स्टँडची जीभ. बाबांनी बॉनेट उघडलं. मी दाराआड. डॉक्टर थकलेले आणि तापलेले होते, म्हणाले, "चूक माझीच. फाळ करणाऱ्याला इंजिनला हात लावू दिला."

गजू म्हणाला, "डॉक्टरसाहेब, नांगर समजून जुंपला त्यानं."

लोक हसले. लालसूभाऊ पुढे झाला, इंजिनवर वाकला, खालच्या बोल्टाकडे पाहिलं. त्याने बोट लावून वायसर मोजला. एक. मग त्याने मान वर केली आणि सरळ त्या दाराकडे पाहिलं. फट लहान होती, पण मी तिथे आहे हे त्याला माहीत होतं. मी वाट बघत राहिले, आता बोलेल. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "ब्रॅकेट वाकलं असन." लालसूभाऊ आपली पिशवी उचलून निघून गेला.

दोनच दिवसांपूर्वी माझं नाव घेतलं नाही म्हणून मी उपाशी झोपले होते. आता मी दाराआड उभी होते आणि मला बरं वाटत होतं की नाव घेतलं नाही. या दोन गोष्टी मी पुष्कळ वर्षं एकमेकींजवळ येऊ दिल्या नाहीत.

हेड घासून यायला, ते पुन्हा बसवायला आणि नंतर रस्ते वाहून जायला असा सगळा पावसाळा गेला. डॉक्टरांची चार गावं दसऱ्यापर्यंत डॉक्टरांविना राहिली. त्यातून काय काय झालं असेल ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. लांब बोल्ट आला, तो मीच लावला. लालसूभाऊचं ब्रॅकेट काढून टाका असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी त्याला काळा रंग मारला आणि नवं आहे म्हणून सांगितलं. दोन वायसर टाकल्यावर ते अगदी सरळ बसलं. पुढे त्या ब्रॅकेटने कधी तक्रार दिली नाही.

स्टँडवर मात्र गजूने एक बोलणं सुरू केलं. कोणाचं काही बिघडलं, टायर फुटलं, छत्री उलटली, कोणाच्या जावयाचं जमेनासं झालं, तरी गजू विचारायचा, "लालसूनं बसोलं का?" आणि सगळे हसायचे. ते बोलणं बाजारात गेलं, शाळेत गेलं. बायका नळावर म्हणायला लागल्या. ड्रायव्हर लोकांनी त्याच्याकडे पाट्या नेणं बंद केलं; कोणी ठरवून नाही, पण त्याच्या हातची वस्तू गाडीला लावली तर हसू होईल म्हणून. दोन-तीन गुरुवार तो भट्टी पेटवून बसला. मग नुसताच बसला. मग ती जागा रिकामी दिसायला लागली आणि तिथे कोणी कांद्याचं दुकान लावलं.

एक गोष्ट लिहायची टाळत इथवर आले. एकदा मैत्रिणीच्या सायकलची साखळी पडली, आम्ही चार मुली होतो, आणि कोणीतरी म्हटलं, "लालसूनं बसोलं का?" चौघी हसल्या. मीही हसले. न हसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. तरी हसले.

धान कापणीला आलं तेव्हा मायने मला दोन विळे दिले आणि म्हणाली, लालसूकडून धारेला पाणी देऊन आण, दुसऱ्याचं पाणी टिकत नाही. ती हे सहज म्हणाली. सायकलवर मी त्याच्या गावी गेले. वाटेभर काय म्हणायचं ते पाठ केलं होतं. तो अंगणातल्या मोठ्या भट्टीपुढे बसला होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं. त्याने विळे उलटसुलट करून पाहिले, भट्टीत घातले आणि पंखा फिरवायला लागला. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"भाऊ, एकच वायसर टाकला होता म्या."

"मालूम हाय."

"बोल्ट आखूड पडला. दोऱ्यात फट दिसली होती मले. तरी तसंच ठेवलं."

"हं."

"तुमी त्या दिवशी बोलले काऊन नाई?"

त्याने विळा बाहेर काढला, रंग पाहिला, परत आत घातला. "तुह्या बापानं माह्यं नाव सांगतलं, म्या मान डोलावली. मंग बोलाचं काय? लबाड झालो असतो." जरा वेळाने म्हणाला, "मले वाटलं, बाई बोलन."

मी रडायला लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं ते विळ्याकडे पाहत होता तसंच.

"मले काऊन सांगून राह्यली? मले तं मालूमच हाय. ज्यायले मालूम नाई त्यायले सांग." मग विळा पाण्यात बुडवला, वाफ निघाली, आणि त्यापुढे तो कामाचंच बोलला. दुसऱ्या विळ्याची मूठ सैल आहे, बापाला म्हणावं बदल.

तो मला क्षमा करून पाठवेल अशा तयारीने मी गेले होते. ती वस्तू त्याच्याकडे तयार नव्हती, आणि मागायला जाणं हेही एक प्रकारचं घेणंच होतं, हे मला सायकलवर परत येताना हळूहळू समजलं.

घरी आले तेव्हा बाबा शेडमध्ये हात धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हात धुणं थांबवलं नाही.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"ट्रॅक्टर आला त्याच दिवशी. दुसरा वायसर ट्रेमंदी पडून होता. म्या उचलून खिशात टाकला."

मायने आतून भांडं ठेवलं. तिलाही ऐकू येत होतं, नेहमीसारखं.

बाबा फडक्याला हात पुसत खाटेवर बसले. "तुहं नाव आलं असतं तं तुले पुन्हा कोनं पाना धरू देला असता? मी किती दिवस पुरणार? हे दुकान तुलेच चालवाचं हाय. लालसूचं काय, तो फाळ करून खाते. त्याले मोटारीचं नाव कशाले पायजे?"

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. माझ्या आजोबांच्या हातची वस्तू लोक अशीच धरायचे, ‘त्याच्या हातची’ म्हणून. बाबांनी ते पाहिलेलं होतं. आमच्या घरात कोणाच्या कामाला त्याच्या जातीने नाव ठेवणं चालत नसे. एकदा एक ट्रकवाला तसं बोलला म्हणून बाबांनी त्याचं चाक अर्धं खोललेलं तसंच सोडलं होतं. त्याच माणसाच्या शेडपुढे ‘फाळ करणाऱ्याला हात लावू दिला’ हे वाक्य बोललं गेलं आणि आम्ही दोघांनी ते आपल्या सोयीसाठी उभं राहू दिलं. मी दाराआड, ते दारापुढे. बाबांना मी दोष देत नाही असं लिहिणार होते. देते. स्वतःला जास्त देते, कारण फट मी पाहिली होती.

"आता चार महिने झाले," बाबा म्हणाले. "आता सांगून काय होते?"

"तुमचं नाव जाईन," मी म्हटलं. "खोटं तुमी बोलले."

"हो. जाईन."

त्यांनी मला नको म्हटलं नाही. जाही म्हटलं नाही. माय म्हणाली, भात निवून राह्यला, आणि आम्ही तिघे जेवलो.

लालसूभाऊ स्टँडवर परत कधी बसला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट वाचून कोणाची चुकीची समजूत नको. तो त्याच्या अंगणातच काम करत राहिला आणि तिथेच म्हातारा झाला. मी दर वर्षी विळे घेऊन जायचे. आमचं बोलणं विळ्यांपुरतं असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी डॉक्टरांकडे गेले. दवाखाना उघडला नव्हता, ते ओसरीवर दाढी करत होते. मी सांगितलं. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग मी बोल्टाची लांबी, आट्यांचे फेरे, फट कोणत्या पुलीवर होती हे सांगितलं, तेव्हा त्यांचा वस्तरा थांबला. "म्हणजे तुझे वडील माझ्याशी खोटं बोलले," ते म्हणाले. मी हो म्हटलं. ते म्हणाले, ठीक आहे, जा. त्यांची मोटार आमच्या दुकानात परत आली नाही.

तिथून स्टँडवर गेले. गुरुवार होता, बाजार भरत होता. चौघे-पाचजण जीपच्या बॉनेटवर चहा घेऊन बसले होते. मी म्हटलं, डॉक्टरांच्या गाडीचं काम लालसूभाऊने केलं नव्हतं, मी केलं होतं, त्याचं ब्रॅकेट सरळ होतं, मी एक वायसर काढला म्हणून पट्टा गेला. कोणी हसलं, मग सगळेच हसले. एकजण म्हणाला, "पोट्टी इंजिन बसोते म्हने." गजू म्हणाला, "बापानं शिकवून पाठोली का वो तुले? लालसू रुसला वाट्टे, फाळ देत नाई." मला दाराआड ठेवून बाबांनी जे कमावलं होतं ते हेच. मी गजूच्या जीपचं बॉनेट उघडायला सांगितलं. तो मजा म्हणून उतरला आणि उघडलं. मी त्याला पुल्या दाखवल्या, फट कुठे राहिली, कुठे पट्टा चिरतो, पट्टा गेल्यावर आधी काय बंद पडतं आणि मग काय, हे सगळं एकेका भागावर बोट ठेवून सांगितलं. हसणं हळूहळू थांबलं. गजूने कप खाली ठेवला आणि माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं ग्रीस होतं, त्या दिवशी मी ते घासून काढलं नव्हतं.

मग घोटकडून एक जीप आली. तिच्या ड्रायव्हरलाही सांगितलं, पहिल्यापासून. आष्टीची आली, त्यालाही. तोवर उन्हं वर आली होती आणि माझा घसा बसला होता. चौथी जीप येऊन थांबली तेव्हा मी गजूच्या जीपला टेकून उभी होते. गजू म्हणाला, "सांग बाई, यालेबी सांग." मी सांगितलं.